आतलं घर तसंच राहू द्या

आमची वस्ती कळंबच्या बाहेर, मोंढ्याच्या पलीकडं. घरं पत्र्याची, जागा सरकारी. तिथं पांढऱ्या फक्कीची रेघ दिसली की आम्ही भांडीकुंडी गोळा करायला लागतो. मागं एकदा रस्त्यासाठी अशीच फक्की पडली, आणि पाठोपाठ जेसीबी आला.

म्हणून ती शहरातली पोरगी फक्कीची बादली घेऊन दारात आली तेव्हा मी बाजेवरून उठलो नाही. ती कुठल्याशा संस्थेची, घरं बांधायचं शिकलेली. म्हणाली, "बाबा, तुमचं घर तुम्हीच आखायचं. चूल कुठं, दार कुठं, तुम्ही सांगा. आम्ही रेघ मारतो."

"आन रेघंवरून जेसीबी कोण फिरवणार? त्यो बी आमीच का?"

शेजारीण खिदळली. तिनं सकाळीच आपलं घर आखून घेतलं होतं आणि रेघांच्या आत बसून नसलेल्या चुलीवर भाकरी थापून दाखवत होती. ही माझ्या बायकोची मैत्रीण. मला भावजी म्हणते, पण जीभ सासूची.

"उठा की भावजी. बाजंला काय मुळं फुटल्यात का?"

ती बाज माझ्या बायकोची. ती जाऊन वर्ष व्हायचं होतं. ऐन उन्हाळ्यात गेली, भर दुपारी, ह्याच पत्र्याखाली. अंगात ताप, आणि वर पत्रा तव्यासारखा. मी ओलं फडकं फिरवत बसलो. डॉक्टरनं काय लिहायचं ते लिहिलं. ती कशानं गेली ते मला ठाऊक आहे.

पोरगी म्हणाली, मातीच्या विटांचं घर गार राहतं. तिथं माझं टाळकं सरकलं. आम्ही मूळचे लोहाऱ्याकडचे. भूकंपात आमचं माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा थर दिलेलं छत, माझ्या आईवर बसलं. बायकोनं नखं तुटेस्तोवर माती उकरली. पुन्हा जन्मात ती मातीच्या छताखाली झोपली नाही. म्हणायची, "पत्रा पडला तर खोक पडंल. माळवद पडल्यावर माणूस घावत न्हाय."

मी पोरीला विचारलं, "तू कशात ऱ्हातीस? मातीत?"

"नाही बाबा. फ्लॅटमध्ये. स्लॅब आहे."

खोटं तरी बोलली नाही. मग खाली बसून तिनं समजावलं. माती फक्त भिंतीला, विटेत थोडं सिमेंट, कोपऱ्यांत सळया. वर हलका पत्राच, आणि ऊन अडवायला त्याच्या खाली तुराट्यांचा थर.

निम्मं पटलं. निम्मं पटेना. जुनं आपल्या हातानं पाडायचं, नवं उभं राहिलं नाही तर जागाही गेली. आणि बायको जिथं नांदली, जिथं गेली, ती एवढीच जागा माझ्याकडं उरलेली.

म्हणालो, "आतलं घर तसंच राहू द्या. भिंती भायेरून बांधा. वर नवं छत चढलं की मग आतलं पत्रं काढू. त्याआधी एका खिळ्याला हात न्हाय लावायचा."

पोरगीनं टेप लावून बघितला. बोळ अरुंद होईल म्हणाली, पण बसतंय. तेवढ्यात शेजारीण ओरडली, "मग माजं बी तसंच करा!"

"तू तर सकाळीच पाडाया निघाली व्हतीस की."

"गप बसा."

विटा वस्तीनंच पाडल्या, दाब द्यायच्या मशिनीवर. मी शेजारी बसून प्रत्येक घाण्यात सिमेंट पडतंय का बघायचो. रात्री आतल्या घरात झोपायचो. बाहेरची भिंत चढत गेली तशी पत्र्याच्या भोकांतली उजेडाचे ठिपके एकेक बंद झाले.

छत झालं. पत्रे काढायला पोरं आली. बाजेजवळच्या पत्र्यावर बायकोच्या टिकल्या होत्या. झोपताना कपाळाची काढून ती तिथंच चिकटवायची. एका पोरानं त्याला पाना लावला.

"त्यो ऱ्हाऊ दे. त्यो मी काढतो."

बाकीचे पत्रे घरामागं रचून ठेवलेत. भंगारवाला आला की शेजारीण हाक मारते, "द्या आता, भावजी. कुणासाठी ठिवलेत?"

"जागेचा कागद हातात पडू दे," मी म्हणतो. "मग बघू."

टिकल्यांचा पत्रा आत आहे, बाजेला लागून, मातीच्या भिंतीला टेकवलेला. यंदाच्या उन्हाळ्यात भर दुपारी मी त्याला हात लावून बघतो. गार असतो.