खर्रा, टमाटर आणि चुकलेला थांबा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, केळझरबाहेरच्या माझ्या अर्ध्या एकरात टमाटरांवर जो रोग आला, तो आणणारा इसम माझा एकुलता एक मित्र होता. पुरावा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर होता. फिर्यादी मी, न्यायाधीश मी, साक्षीदारही मीच. कारण माझ्या घरात दुसरं कुणी राहतच नाही.

बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याला. दिवसा कॉलेजात पोरांपुढे वनस्पतिशास्त्र बडबडतो. संध्याकाळी घरी आलो की कुलपाचा खटका ऐकू येतो, त्यानंतर काहीच नाही. अपवाद एक, शेजारच्या वावरातला हा माझा शाळासोबती. वांग्यांना पाणी देऊन झालं की तो यायचा, पालथ्या क्रेटवर बसायचा, प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, आणि गप्पा मारता मारता हाताशी येतील त्या टमाटरांचे फुटवे खुडायचा. त्याला वाटायचं, आपण मास्तरचं काम हलकं करतो आहोत. मलाही तसंच वाटायचं.

मग पानं चितकबरी झाली. गडद हिरव्यात फिकट चट्टे, शेंडे आकसलेले. आधी क्रेटभोवतीची झाडं, मग तिथून ओळीने पुढे. खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला. वीस वर्षं तंबाखूचा जो विषाणू मी फळ्यावर काढत आलो, तो पायी चालत माझ्या बांधावर आला होता! तंबाखू वाळवा, कुटा, पन्नीत घोटा, तो मरत नाही. बोटांवरून खुडलेल्या जखमेत उतरतो.

त्या संध्याकाळी मी क्रेटसमोर उभा राहून नाटकच केलं.

"या विषाणूजवळ स्वतःची चूल नाही, भांडं नाही. फक्त एक लांब चिठ्ठी आहे. ती तो झाडाच्या पेशीतल्या आचाऱ्यापुढे टाकतो. आचारी बिचारा वाचतो आणि त्याची प्रथिनं रांधून देतो."

"फुकटात?" मित्राने विचारलं.

"फुकटात! पण चिठ्ठीच्या मधेच 'थांबा' अशी खूण आहे. आचारी बहुतेक वेळा तिथे थांबतो, आखूड प्रथिन तयार होतं. क्वचित मात्र तो खूण ओलांडून पुढे वाचत जातो. मग लांब प्रथिन होतं, आणि चिठ्ठीच्या नकला काढायचं यंत्र त्या लांबलेल्या भागातच असतं. आखूड आणि लांब, दोन्ही मिळून नकला निघतात. आपली बस केळझरला थांबते ना? समज, ड्रायव्हर कधीमधी विसरून सिंदीपर्यंत गेला. या विषाणूचा सारा संसार त्या विसरण्यावर चालतो."

"मंग त्या ड्रायव्हरले सस्पेन्ड काऊन नाई करत बे?"

मी पोट धरून हसलो. इथे माझं थांबायचं ठिकाण होतं. मी थांबलो नाही. तो विषाणू कुठून आला, तेही सांगितलं.  मित्र पन्नी खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बांधाच्या तोंडाशी दुधाची वाटी ठेवली. दुधात हात बुडवले की हा विषाणू लुळा पडतो, हे शास्त्र आहे. मित्र आला, वाटीकडे पाहत राहिला.

"हे काय मांडून राह्यला?"

"हात बुडव अन् मग ये."

"माहे हात बाटले का आता? वहिनीले याच हातानं खांदा देल्ला ना मी?"

तो आल्या पावली परत गेला. दूध मांजराने प्यायलं.

रोगट झाडं मी उपटून जाळली. नवी रोपं लावली, प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन. टमाटर असे आले, लालबुंद, गुळगुळीत, की दृष्ट काढावी. दाखवायला कुणी नव्हतं. मी चटणी केली, भाजी केली, सार केलं. तिन्हींची चव एकट्यानेच घेतली. एकदा तर झाडांपुढेच उभा राहून थांब्याचं व्याख्यान दिलं. ड्रायव्हरला सस्पेन्ड करा, असं कुणीच म्हणालं नाही. पालथा क्रेट तसाच होता. त्यावर कोळ्याने जाळं विणलं.

परवा तो सेलूच्या बाजाराला निघाला होता, मोटरसायकलीवर मागे वांग्यांचं पोतं. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. पक्कं ठरवलं होतं: 'राम राम' म्हणायचं आणि थांबायचं. मानही आपला शाबूत, मास्तरकीही शाबूत.

गाडी जवळ आली, जरा हळू झाली. त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं.

"राम राम," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. गाडी पुढे सरकली. चिठ्ठी इथे संपायला हवी होती. पण माझ्यातला आचारी पुढे वाचत गेला आणि मी भर रस्त्यात ओरडलो:

"टमाटर गेले चुलीत बे, खर्रा घेऊन येजो, अन् हात बी धुजो नोको!"