पारूकाकीचा रविवार आणि आमचं लिनक्स

सायबर कॅफेत गिऱ्हाईक तासाच्या हिशेबाने बसतं. वीज गेली की मात्र फुकट बसतं आणि बोलतं. शिरोड्यात वीज जायचं काही कमी नव्हतं, त्यामुळे नंदूच्या कॅफेत किस्से साठायला वेळ लागला नाही. ही २००७-०८ ची गोष्ट. कॅफे नंदूचा, पण सगळ्या मशीनवर विकतच्या सिस्टीमऐवजी फुकटचं लिनक्स घालायचं खूळ माझं. मी तिथे कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो.

आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे पारूकाकी. रोज बाजारात मासे विकायची आणि रविवारी दुपारी आखातात टगबोटीवर असलेल्या मुलाला, सुभाषला, स्क्रीनवर बघायला यायची. बघायलाच! हात मोडलेला असताना त्याने एकदा फोनवर "बरो आसंय" म्हणून महिनाभर लपवलं होतं. तेव्हापासून नुसत्या आवाजावरचा तिचा विश्वास उडाला. आधी ती त्याला दोन्ही हात वर करायला लावायची, पुढचं बोलणं मग.

* * *

लिनक्सची खोड एकच. दर दोन-चार दिवसांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात खूण उगवायची, नवीन अपडेट आलेत म्हणून. रिटायर्ड हेडमास्तर गुरुजी मेल बघायला यायचे. त्यांनी एकदा मला धरलंच. ज्याची एवढी डागडुजी करावी लागते ती वस्तू मुळात चांगली कशी?

प्रश्न चोख होता. मी सांगितलं की हे एका कंपनीच्या कपाटातलं काम नाही. जगभरातली माणसं आपापला तुकडा सांभाळतात, कोणी प्रिंटरचा, कोणी आवाजाचा, कोणी अक्षरांचा. ज्याला भोक दिसतं तो ते बुजवतो आणि साठवून न ठेवता लगेच वाटून टाकतो. शिवाय सगळ्यांची दुरुस्ती आपल्याकडे एकाच दाराने येते, म्हणून जास्त वाटते. आपले लोक रापणीचं जाळं रोज किनाऱ्यावर पसरून सांधतात, ते काय जाळं वाईट म्हणून?

गुरुजींनी बराच विचार केला. मग विचारलं, "पण मालक कोण?"

तसा कोणी नाही, मी म्हटलं.

"मग कठीण आहे," गुरुजी म्हणाले आणि मेल बघायला लागले.

* * *

एका अपडेटनंतर प्रिंटर रुसला. नंदू घाबरला. पुढची खूण उगवली तेव्हा तो मला न विचारता सरळ ग्रामदेवतेला कौल लावायला गेला. आमच्याकडे घर बांधण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळं कौल लावूनच होतं, त्यामुळे त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. नंदूने अपडेट घेतलं आणि प्रिंटर चालू झाला!

झालं. तीन दिवसांनी नवीन अपडेट, नंदू पुन्हा देवळात. त्याच आठवड्यात आणखी एकदा. शेवटी गुरवच कंटाळला.

"नंदू, देवान एकदा व्हय म्हटल्यान मां? मगे त्याका परत परत कित्याक उठयतंस?"

* * *

गुरुजींच्या घरच्या मशीनवर पुतण्याने चोरीच्या सीडीवरून विकतची सिस्टीम घातली होती. पकडलं जाऊ नये म्हणून अपडेट कायमचे बंद. कसला त्रास नाही की कसली सूचना नाही, असं गुरुजी अभिमानाने सांगायचे. मग कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवरून आले, सोबत व्हायरस आला, आणि गुरुजींनी वर्षानुवर्षं टाईप केलेला गावाचा इतिहास गेला.

कॅफेत येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं काम होतं ते. ते म्हणाले, "एका शब्दाने बोललं नाही हो मशीन. सगळं बरं आहे असंच वाटत होतं."

शेजारच्या खुर्चीवर सुभाषची वाट बघत बसलेली पारूकाकी म्हणाली, "आमच्या सुभाषासारख्याच आसा तर तां."

* * *

पण मी अपडेटची बाजू घेत असलो तरी खोटं कशाला बोलू? एका शनिवारी अपडेट घेतलं आणि रविवारी सुभाषचा नुसता आवाज यायला लागला. स्क्रीन काळी. हात वर केलेत असं तो शपथेवर सांगत होता, काकी ऐकेना. उठून गेली तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही.

मी तो व्हिडिओचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर मेल टाकला. शेवटी उगीच एक वाक्य लिहिलं, की इथे एका आईला मुलगा दिसत नाहीये. पोलंडमधल्या कोणा माणसाचं उत्तर आलं. त्याने चार गोष्टी करून बघायला सांगितल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. सुभाषकडे होता तसला कॅमेराही त्या माणसाकडे नव्हता. आणखी एक रविवार काळाच गेला. त्यानंतर खूण उगवली, आम्ही अपडेट घेतलं आणि सुभाष दिसला, दाढी वाढलेला, दोन्ही हात वर केलेला.

हे कोणी केलं, काकीने विचारलं. एका आवशीक झील दिसणा नाय असं मी कळवलं, म्हणून लांबच्या देशातल्या एका माणसाने, आणि ती दुरुस्ती आता सगळ्या जगाला मिळाली, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकी सुक्या सोड्यांची पिशवी घेऊन हजर. त्याला पाठव म्हणाली. पोस्टात सुकी मासळी घेत नाहीत हे तिला पटवता पटवता मी थकलो. पिशवी माझ्याकडेच राहिली. "मगे तू खा, आणि त्याका सांग बरे होते म्हणान."

मी खाल्ले आणि तसं कळवलंही.

* * *

मग सुभाषची बोट दूरच्या कामावर निघाली. तिथे इंटरनेट नाही, महिनोन् महिने चेहरा दिसणार नव्हता. निघण्याआधीच्या रविवारी बंदरावरच्या कॅफेत त्याला जेमतेम थोडा वेळ मिळणार होता. काकी बाजारातून टोपली घेऊन तशीच आली. नंदूने घाईघाईने मशीन चालू केलं, आणि कोपऱ्यात खूण उगवली.

नंदू ती बंद करायला गेला. काकीने त्याचं मनगट धरलं.

"आधी तां घे."

"काकी, येळ जातलो. सुभाष थंय वाट बघता."

"घे म्हणतंय मां. खंय तरी एका आवशीक झील दिसाचो रवलो असात."