जड लागला तो डबा

परवा कॉम्प्युटर सुरू केला आणि जळकट वास आला. आतला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा लोखंडी डबा, गेला होता.

मी कॉलेजात असताना, प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दिवशी हाच वास आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये पसरला होता. वीजकेंद्रातून ड्यूटी करून आलेले बाबा तसेच, राखेने माखलेल्या कपड्यांनी, आईला नि मला घेऊन सीताबर्डीच्या बाजारात निघाले. दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. दोन्हींवर वॅटचा आकडा एकच. बाबांनी डोळे मिटून एकेक डबा तळहातावर तोलला.

"खरबूज घेऊन राहिले का तुम्ही?" आई कुजबुजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आकडा कोणीही छापते. आत तांबं असन तर जड लागन," बाबा म्हणाले, आणि जड लागला तो डबा घेतला. घरी नव्या डब्याचा पंखा घरघरला तेव्हा पहिली हसली ती आईच.

बाबा आता नाहीत. या वेळी मी वॉरंटी, लोकांचे अभिप्राय, सगळं वाचून नवा डबा ऑनलाइन मागवला. आज खोकं फोडत होतो, तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला,

"हातावर घेऊन पाह्यला का गा? जड आहे ना?"