पिंपातली काटेवाली मुशी

आमच्या औरंगाबादेत समुद्र नाही, पण कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं की समुद्र पिंपातून यायचा. कोकणातल्या कुणा होडीवाल्याकडून मुश्या मागवायचे. मुशी म्हणजे हातभर लांबीचा शार्क, फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवलेला. त्या दिवशी घरी गेलं की आई आधी मोरीत पाठवायची, मग बोलायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझी लई घाबरगुंडी उडाली होती. वडिलांनी साफ सांगितलं होतं, नापास झालीस तर वैजापूरचं स्थळ पक्कं. मुलगा कांद्याचा व्यापारी. फोटोतसुद्धा कांद्याच्या पोत्यावर हात ठेवून उभा! मला पुढं शिकायचं होतं.

पास व्हायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. पुस्तकातली आकृती घोटायची, झोपेत उठवलं तरी काढता यावी इतकी. माशाकडं कोण बघतंय? डोकं मेणाच्या ट्रेमध्ये ठोकायचं, मेंदूच्या नसा उघड्या केल्यासारखं दाखवायचं आणि ट्रेमध्ये मावत नाही म्हणून धड छाटून बादलीत टाकायचं.

माझ्या वाट्याला आलेली मुशी मात्र इरसाल निघाली. पाठीवरच्या दोन्ही परांपुढं एकेक काटा, बाभळीसारखा. बोटात घुसला तशी मी किंचाळले. प्रयोगशाळेच्या शिपायाला म्हटलं, "चाचा, दुसरी द्या ना."

"पीपा खाली हो गया, बेटी. मच्छी मच्छी रहती. काटो चुपचाप."

आमच्या सरांना सांगितलं, ही वेगळीच दिसतीय. ते म्हणाले, "परीक्षा चालू आहे. नखरे नकोत." मग माझंही डोकं फिरलं. मेलीनं माझं रक्त काढलं होतं. कात्रीनं काटे उडवले, धडाचे तुकडे केले आणि दिले बादलीत भिरकावून.

थोड्या वेळानं बाहेरचे परीक्षक आले, कोकणातल्या कॉलेजातले. माझ्या ट्रेवर वाकले ते वाकलेलेच. दात बघितले, डोळा बघितला.

"हिचं धड कुठंय?"

"बादलीत, सर."

गृहस्थांनी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घातले त्या घाणीत! चाचा तोंडावर हात ठेवून पुटपुटले, "या अल्ला, साब को क्या हुआ!" साहेबांच्या हाती एक काटा लागला. बाकी सगळ्या वर्गाच्या मुश्यांचा लगदा.

मग त्यांनी सांगितलं. ही आपली नेहमीची मुशी नव्हेच. हा खोल, काळोख्या पाण्यातला शार्क. छोट्या होडीच्या गळाला क्वचित चुकून लागतो, बाजारात कुणी घेत नाही, म्हणून कोळ्यानं पिंपात ढकलला असणार. "किनाऱ्यावर जन्म गेला माझा, पण हा कधी बघायला मिळाला नाही," असं म्हणत त्यांनी तो काटा रुमालात गुंडाळला. मला हसू येत होतं, पण नजर माझ्या उत्तरपत्रिकेकडं गेली. गेलं वर्ष, म्हटलं. आले कांदे.

पण ते ओरडले नाहीत. कोरा कागद पुढं केला. "अख्खा तूच पाहिलास. आठवेल तसा काढून दे."

मी पेन्सिल उचलली. हात सरसर चालला. तोंड, कल्ले, पर, शेपूट, छान छटा वगैरे देऊन. त्यांनी कागद बघितला.

"ही पुस्तकातली मुशी आहे, बाळ."

होतीच. बोट अजून ठणकत होतं आणि मी काटासुद्धा काढला नव्हता. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तीच. अंग काळं होतं की राखाडी? शेपटीचं टोक कसं होतं? मी बघितलंच नव्हतं. मला रडूच फुटलं.

त्यांनी माझी उत्तरपत्रिका ओढली. तिच्यातली मेंदूच्या नसांची आकृतीही घोटलेलीच होती. तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. वैजापूर टळलं, मी नाचायला हवं होतं.

"पण सर, ह्या नसा तरी हिच्या कुठं आहेत?"

"परीक्षेसाठी बरोबर आहेत," ते म्हणाले आणि हात धुवायला नळाकडं गेले.