आबांची ओंजळ

मासेआबा जाळं टाकण्याआधी तापीचं पाणी पिऊन पाहत. नाव बंधाऱ्याच्या वर नेऊन थांबवायची, वरचं पाणी हाताने दोनदा बाजूला सारायचं, मग ओंजळ भरून डोळे मिटून प्यायची. पाणी पटलं तर जाळं, नाही पटलं तर नाव परत काठाला. इरा आणि निहार, तुम्ही लहानपणी अंगणात त्यांची नक्कल करायचात. बादलीतलं पाणी पिऊन "गोड शे" म्हणायचात आणि आईचा, म्हणजे माझा, ओरडा खायचात.

शिरपूरला आपल्या दारात ते बुधवारी आणि रविवारी सकाळी येत. सायकलच्या मागे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यावर ओलं गोणपाट. माशाचे कल्ले उघडून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "बाई, पानी पीसन उनू," एवढंच म्हणत. पिऊन आलो म्हणजे मासा चांगला, पुढे बोलायचं काम नाही. नदीकाठच्या वस्तीत आणि आपल्या गल्लीत त्या एका वाक्यावर मासे विकले जात.

एका रविवारी ते रिकाम्या पातेल्यानिशी आले. आज मासे नाहीत, हे सांगायला उन्हातून एवढी सायकल मारली होती. पाणी तुरट लागलं म्हणाले. मी थट्टा केली, "आबा, नगरपालिकेने तुम्हालाच टाकीवर बसवायला हवं."

"नळनं पानी मी पेत नही, बाई. त्याले निसता औषधना वास."

त्या दिवशी त्यांची बायको, अक्का, बाजाराला म्हणून बरोबर आली होती. ती ओट्यावरून म्हणाली, "यासना पोटमा अर्धी तापी शे, पन घरमा एक हंडा आनाले हात दुखतस!" आबा हसले.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून आबांना माझ्याबद्दल नको इतका आदर होता. नातवंडांचा ताप, जाळ्याला लावायचा रंग, कोणत्याही गोष्टीत "बाईले इचारा" हे ठरलेलं. अक्काच्या घरी प्यायचं पाणी उकळायला लावलं ते मीच. तिला कावीळ होऊन गेली होती. त्यानंतर दोन वर्षं त्या घरात कोणी आजारी पडलं नाही आणि माझा शब्द तिथे पक्का झाला.

मग तो उन्हाळा आला. बंधाऱ्यात पाणी अडलेलं, वारा नाही. नदीवर हिरवा थर आला, कोणी रंगाचा डबा ओतावा तसा. आबा पंधरा दिवस आले नाहीत. आले ते बाटलीत ते पाणी घेऊन. मी बाटली उजेडात धरली आणि त्यांना शेवाळाचा धडा दिला. शेतातलं खत नदीत उतरतं, गावाचं सांडपाणी उतरतं, त्यावर हे पोसतं. आपल्या केळीच्या बागेचं खतही त्यातच उतरतं, हे मात्र मी बोलले नाही.

"मासा जिवंत शे, बाई. पन पानी पेवाची हिंमत नही व्हत. काय करू? घरमा काहीच नही."

मी म्हणाले, "पाणी पिऊ नका. मासा स्वच्छ धुवा आणि चांगला उकळून खा. काही होत नाही."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज गेलं. उकळल्याने जंतू मरतात, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं आणि ते खरंही आहे. पण त्या हिरव्या थरातलं विष म्हणजे जंतू नव्हे. ते उकळून जात नाही. माशाच्या यकृतात, आतड्यात साठतं. हे मी वाचलं, पण नंतर.

आबांनी जन्मात पहिल्यांदा पाणी न पिता जाळं टाकलं. वस्तीत मासे विकले. डोकी आणि पोटातलं सगळं घरी राहिलं. त्याचा रस्सा अक्काला आवडायचा. दोन दिवसांत तीन घरांत उलट्या सुरू झाल्या. बाकीचे उठले. अक्काचे डोळे पुन्हा पिवळे झाले आणि ती उठली नाही, गेलीच. डॉक्टर म्हणाले, पाण्याने असेल, माशाने असेल, जुनी कावीळही असेल. नक्की कोणीच सांगू शकलं नाही.

पुढे वस्तीच्या ग्रामपंचायतीत बैठक झाली. मला विज्ञानातलं कळतं म्हणून बोलावलं होतं. मी पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते, आबा दाराशी उभे होते. सरपंचांनी विचारलं, "आबा, हे मासे विकायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कोनी नही. मी पानी न पीता मासा इका. मन्ही चूक शे."

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि प्यायले.

आता दर उन्हाळ्यात नदी हिरवी होते. तक्रारी झाल्या, पाण्याचे नमुने नेले, काठावर इशाऱ्याचा बोर्ड लागला. खत तेवढंच पडतं, आपल्या बागेतही. मी सांगून पाहिलं, पण खत कमी केलं तर केळी बारीक राहतील आणि भाव पडेल, असं बाग पाहणारे तुमचे काका म्हणाले. वस्तीतल्या नावा काठावर पालथ्या पडल्या आहेत. बाजारात मासे बर्फातून, लांबून येतात. कोणत्या पाण्यातले, कोणी विचारत नाही. मी घेत नाही.

आबा सुरतेला मुलाकडे गेले, एका इमारतीत राखणदार म्हणून. जाण्याआधी निरोप घ्यायला आले, पातेल्याशिवाय. मी फिल्टरचं पाणी दिलं. त्यांनी ते ग्लासातून ओंजळीत ओतलं, डोळे मिटले आणि प्यायले.

"साफ शे, बाई. पन हाई पानी काहीच सांगत नही."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. अक्काचं नाव घ्यायला हवं होतं. मी विचारलं, "बस किती वाजता आहे?" त्यांनी वेळ सांगितली, ओल्या हातांनीच नमस्कार केला आणि गेले.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मासेआबा अजून येतात का. मी "येतात" म्हणाले. ते खोटं होतं.