अर्जात मशीद लिहू नका

वरवंड आणि कुरकुंभच्या मधे, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका गावात मी पाच वर्षं ग्रामसेवक होतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. त्यांतली बरीच अजून तिथंच राहतात.

गावात मुसलमानांची दहा-बारा घरं होती. एक जण गवंडी, एकाचं बांगड्यांचं दुकान, दोघं-तिघं कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. सगळ्यांत वडील होते ते पाण्याच्या जळक्या मोटारी भरायचे, म्हणजे वाइंडिंग करायचे. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचो. उसाला पाणी चालू असताना मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलीच्या मागं बांधून त्यांच्याकडं आणायचा आणि ती होईपर्यंत तिथंच उकिडवा बसून राहायचा. चाचा तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे.

चाचांच्या घरामागं, त्यांच्याच जागेत, पत्र्याची एक खोली होती. तिथं नमाज व्हायचा. जायला मागचा बोळ. पूर्वी शुक्रवारी पंधरा-वीस माणसं जमायची. कुरकुंभला कंपन्या वाढल्या तशी बाहेरच्या राज्यांतली मुलं गावात भाड्यानं राहायला आली आणि रांग खोलीत मावेना. बोळात, गटाराच्या कडेला, पोती अंथरून माणसं उभी राहू लागली.

एका सकाळी चाचा ऑफिसात आले. चपला दाराबाहेर काढल्या. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात चपला काढणारे ते एकटेच होते.

"भाऊसाहेब, पत्रा काढून स्लॅब टाकायचा इचार हाय. आन् म्होरं दोन मिनार. लई न्हाईत, पुरुषभर उंचीचे."

"मिनार कशाला बांधताय, चाचा?"

"ही कंपनीची पोरं मशीद कुठाय इचारत गावभर फिरत्यात. परवा एक जण मारुतीच्या देवळात शिरला इचारायला. पुजाऱ्यानंच हाताला धरून आणून सोडला." ते हसले. मग म्हणाले, "आन् खरं सांगू का, मागच्या बोळातनं जाऊन नमाज पढायचा म्हंजी चोरी केल्यागत वाटतं. आमचा आजा हितंच मेला, बाप हितंच मेला. मशीद दिसली तर काय बिघडतंय?"

काही बिघडत नव्हतं. पण धार्मिक इमारतीची परवानगी माझ्या हातात नव्हती, सरपंचाच्याही नव्हती. प्रस्ताव वर जायचा, पोलिसांचा अभिप्राय यायचा, ना हरकत दाखले जोडायचे. तसा एक प्रस्ताव दुसऱ्या गावचा मी पाहिला होता, फाईल जाड होत गेली आणि भिंत कधी उभी राहिली नाही. उलट आमच्याच गावात मारुतीचा सभामंडप गायरानात बांधला तेव्हा कुणी अर्जच केला नव्हता. नारळ फुटला, दुसऱ्या दिवशी खडी पडली. त्या नारळाचं खोबरं मीही खाल्लं होतं. तेव्हा मला कुठला नियम आठवला नाही. चाचांच्या वेळी सगळे आठवले.

मी म्हणालो, "चाचा, अर्जात मशीद लिहू नका. घरदुरुस्ती लिहा."

"पन घर न्हाई ते."

"कागदावर घर. गावात पिठाची गिरणी घर म्हणून लागलीय, खताचं गोडाऊन घर म्हणून लागलंय. कागदावर सोपं लिहायचं असतं."

"आन् मिनार?"

"आधी स्लॅब पडू द्या. मिनार मागनं हळूच बांधा. कोण बघतंय?"

"मशीद लिहूनच मागितलं आसतं तर बरं वाटलं आसतं," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "बरं. तुमाला कायदा कळतो."

अर्ज मीच लिहिला. 'राहत्या घराची पत्र्याची खोली काढून त्या जागी पक्की खोली बांधणे.' चाचांनी खाली सही केली. मला तेव्हा आपण कुणावर तरी उपकार करतोय असं वाटत होतं, हे मला नीट आठवतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी टापटिपीचा माणूस. गावातल्या प्रत्येक इमारतीची नोंद असलेलं एक रजिस्टर असतं, त्याला आम्ही नमुना आठ म्हणतो. त्यात माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं, का कुणास ठाऊक, त्या खोलीपुढं 'नमाजाची खोली' असं लिहून ठेवलं होतं. अर्ज घराचा आणि नोंद नमाजाची, हे जुळत नव्हतं. मी ते शब्द खोडले आणि 'राहते घर' लिहिलं. पुढं घरपट्टीची फेरआकारणी झाली, नवं रजिस्टर आलं, त्यात राहते घरच उतरलं. जुनं रजिस्टर ऑफिस नव्या इमारतीत हलवताना कुठं गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

बांधकाम तीन महिने चाललं. वाळू आणायला एका बागायतदारानं स्वतःचा ट्रॅक्टर दिला, त्याची मोटार चाचांनी कितीदा चालू करून दिली होती. स्लॅब पडला त्या दिवशी मलाही बोलावलं, मी शिरखुर्मा खाऊन आलो. त्यानंतर पंधरा दिवसांनी समोरच्या कोपऱ्यावर मिनार वर आला. दुसरा अर्धा झाला होता तेव्हा तालुक्याला तक्रार गेली. कुणी केली ते मला ठाऊक होतं. ते महत्त्वाचं नाही.

सरपंच ऑफिसात आले. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. जमीन भरपूर, साखर कारखान्याच्या राजकारणात ऊठबस. वाईट माणूस नव्हता.

"चाचानं काय काढलंय हे, भाऊसाहेब?"

"मिनार आहेत, आप्पा."

"ते मला बी दिसतंय. अर्ज काढा."

मी अर्ज काढून दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला.

"राहतं घर. घराला मिनार कुठं आसत्यात? सरळ मागितलं आसतं तर मी न्हाई म्हनलो आसतो का? ही फसवणूक झाली."

ते नाही म्हणाले असते की नसते, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत झिजवून टाकला आहे. मशिदीला विरोध करायला गावाला लाज वाटली असती. खोट्या अर्जाला विरोध करायला कुणालाच लाज वाटायचं कारण नव्हतं. ते कारण मी माझ्या अक्षरात लिहून दिलं होतं.

परवानगीविरुद्ध बांधकाम केल्याची नोटीस मीच काढली. ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरली, नेहमीसारखी. मी मधे टेबलावर प्रोसिडिंगचं पुस्तक घेऊन बसलो. चाचा आणि त्यांचे चार-पाच लोक खांबाजवळ बसले.

"चाचा, आमच्या बी घराला दोन मिनार बांधून द्या की," मागून एक जण म्हणाला. लोक हसले.

"एका मिनारावर माझा आँटिना बसवा, मग मोटार तुमच्याकडंच भरून घेतो," दुसरा म्हणाला. त्यावर चाचाही हसले.

मग आप्पांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. "चाचा, तुमच्यावर गावाचा राग न्हाई. पन अर्जात घर का लिहिलं, एवढं सांगा. कुणी सांगितलं तुमाला आसं लिहायला?"

चाचा उभे राहिले. माझ्यापासून सहा-सात हातांवर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला सांगता येणार नाही. माझ्या हातात पेन होतं, आणि मला आठवतं ते एवढंच की पेनाचं टोपण मी दातात धरलं होतं.

"कुनी न्हाई," चाचा म्हणाले. "माझीच चूक झाली."

मी पुस्तकात लिहिलं, 'संबंधितांनी चूक मान्य केली.' अक्षर चांगलं आलं होतं.

ठरलं असं की इमारत राहू द्यायची, नमाजालाही कुणाची हरकत नाही. मिनार उतरवायचे, समोर कमान किंवा पाटी नको, बाहेरून घर दिसायला पाहिजे. समजूतदार तोडगा निघाला म्हणून सगळे खूश होते. चार दिवसांनी त्यांच्यातल्याच गवंड्यानं मिनार उतरवले, विटा एकेक सुट्या करून, वाया जाऊ नयेत म्हणून. पंचनाम्यासाठी मी खाली उभा होतो. चाचांनी मला सावलीत खुर्ची आणून दिली, आणि मी बसलो.

नंतर एकदा ते एकटे भेटले तेव्हा मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी सभेत तुम्ही माझं नाव..."

"तुमची नोकरी हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि विषय बदलला.

पुढं माझी बदली शिरूरला पंचायत समितीच्या ऑफिसात झाली. तीन-चार वर्षं गेली असतील. एके दिवशी दुपारी चाचा शिरूरला माझ्या ऑफिसच्या व्हरांड्यात उभे. चौफुल्याला एसटी बदलून आले होते. मी त्यांना समोरच्या हॉटेलात नेलं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले.

"आवंदा खरा अर्ज केलाय. मशीद म्हनूनच. रीतसर, वरपातुर."

"काय म्हणतात?"

"म्हनत्यात, नवी मशीद आसंल तर लई आवघड हाय. पन जुनीच हाय आसं दिसलं, तर तीच नीट बांधाया परवानगी मिळंल. फकस्त जुनी आसल्याचा कागद पायजे. आन् कागदावर तर घर हाय." त्यांनी बशीत चहा ओतला. प्यायले नाहीत. "तुमी दोन ओळी लिहून द्या. हितं आधीपासनं नमाज हुत हुता, नमुना आठला तशी नोंद हुती, आन् घर हे तुमच्या सांगन्यावरनं लिहिलं. दुसरं काय न्हाई."

तेव्हा माझं विस्तार अधिकारी म्हणून प्रमोशन होऊ घातलं होतं. यादीत नाव होतं. रजिस्टरमधली नोंद खोडली असं मीच लिहून दिलं असतं तर चौकशी लागली असती. हे सगळं मला चहा संपायच्या आत सुचलं. मी म्हणालो, "देतो की. मसुदा नीट करावा लागेल. पुढच्या आठवड्यात या."

"येतो," ते म्हणाले.

ते आले. मी म्हणालो, साहेब रजेवर आहेत, त्यांना विचारल्याशिवाय असं देता येत नाही. साहेब रजेवर नव्हते. आतल्या खोलीतून त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. चाचांनी तो ऐकला असणार. त्यांनी मान हलवली, माझ्या मुलांची चौकशी केली, आणि न्हावऱ्याकडून जाणारी गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी सांगितलं.

तिसऱ्यांदा ते आले नाहीत. मी दोन-तीन आठवडे वाट पाहिली, खरं म्हणजे न येण्याची वाट पाहिली.

निकाल मला त्या गावच्या नव्या ग्रामसेवकानं फोनवर सांगितला, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचं बोलता बोलता. त्या जागी पूर्वीपासून प्रार्थनास्थळ असल्याचा पुरावा आढळत नाही, म्हणून अर्ज नामंजूर. मी "बरं" म्हणालो आणि पाणीपुरवठ्याची माहिती कधी पाठवतोस ते विचारलं. घरी जाऊन जेवलो. पुढच्या वर्षी प्रमोशन झालं, पेढे वाटले. लोक म्हणतात असं काही केल्यावर झोप लागत नाही. मला लागत होती. लागते.

पुष्कळ वर्षांनी, दौंडला कामाला गेलो असताना, मी मधेच त्या गावात उतरलो. ठरवून गेलो होतो असं म्हणवत नाही. दुपार होती. इमारत बाहेरून घरासारखीच होती. पिवळा रंग, लोखंडी गेट, कोपऱ्यांवर स्लॅबमधून वर आलेले गंजके गज. चाचा त्यांच्या दुकानात खाली बसून मोटार भरत होते. दाढी पूर्ण पांढरी. मला लगेच ओळखलं, पोतं पुढं सरकवलं.

"बसा, भाऊसाहेब. आता भाऊसाहेब न्हाई म्हनायचं, मोठं सायेब झालात."

मी बसलो. बोलायचं वाटेत मनाशी पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य राहिलं.

"चाचा, मी तेव्हा लिहून द्यायला पाहिजे होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. तार एका खाचेत बसवली, बोटानं दाबली, पुढची खाच घेतली.

"व्हय," ते म्हणाले. "द्यायला पायजे हुतं."

मला वाटलं, ते आणखी काही बोलतील. जाऊ द्या म्हणतील, नशीब म्हणतील, निदान चिडतील. मी थांबलो. एक शेतकरी मोटारसायकलवरून आला, मोटार कधी होईल ते विचारलं, चाचांनी त्याला सांजच्या वेळी यायला सांगितलं. तो गेला. तरी मी थांबलो होतो. बोळातून चार-पाच मुलं कंपनीच्या निळ्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून मागच्या बाजूला गेली.

चाचांनी तारेचं टोक कापलं, हात पुसले आणि उठले. "नमाजाची येळ झाली," म्हणाले. "तुमाला गाडी हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

ते बोळात शिरले. मी हायवेपर्यंत चालत गेलो.