बाहेरून कुलूप लावून दिलेली परीक्षा

नेकनूरकडच्या आमच्या गावात दिवसा दार लावायची पद्धत नाही. भर दिवसा दार लावलेलं दिसलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर आत कुणीतरी आजारी आहे, नाहीतर घरात भांडण पेटलंय. दोन्हीसाठी ते दार वाजवतात आणि उघडेपर्यंत वाजवत राहतात. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं, पण त्याची भीती वाटायची वेळ एका सर्टिफिकेटमुळे आली.

मी पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. म्हणजे कंपनी पुण्याची आणि माझं बसणं गावातल्या मधल्या खोलीत. काम सपोर्टचं. कुणाचा सर्व्हर बंद पडला की शिव्या खायला जी माणसं ठेवलेली असतात, त्यांतली मी एक. माझ्यामागून आलेली पोरं क्लाउडचं सर्टिफिकेट काढून वरच्या ग्रेडला गेली. मी पगाराचा विषय काढला की मॅनेजर गोड आवाजात म्हणायचे, "सर्टिफिकेट आणा, मग बोलू." असा राग यायचा! मोडलेला सर्व्हर उभा करायला मीच लागत होते, पण मला तो उभा करता येतो हे कुणीतरी छापून द्यायला हवं होतं.

त्यात गेवराईकडचं स्थळ आलं. घरचे दोन टिपर, रस्त्यालगत जमीन, आणि निरोप असा की मुलगी नोकरी सोडणार असेल तरच पुढं बोलू. चुलत्यांनी ते स्थळ घट्ट धरलं. "त्या पगारात ठिवलंय काय?" हा त्यांचा सवाल. आबा, म्हणजे माझे वडील, मला गोठ्यामागं घेऊन गेले आणि म्हणाले, "माय, तुजा पगार वाढू दे. मंग भावकीला सांगायला मला तोंड राहील. न्हाईतर मी कुठवर थोपवू?" वडिलांना हात टेकताना मी पहिल्यांदाच बघत होते. पास झाले तर माझी नोकरी राहणार होती, नापास झाले तर गेवराईला जाऊन मी टिपर मोजत बसणार होते. परीक्षेची फी कंपनी एकदाच भरणार होती.

परीक्षा घरूनच द्यायची होती, पण तिचे नियम वाचूनच घाम फुटावा असे. खोलीत दुसरं कुणी नको. कुणी आत डोकावलं तरी परीक्षा रद्द. तोंडातून शब्द काढायचा नाही, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, तोंडावर हात घ्यायचा नाही, फोन जवळ ठेवायचा नाही. हेडफोनही चालत नाही. परदेशातला कुणीतरी माणूस तुम्हाला सगळा वेळ बघत बसणार.

आणि आमच्या घरी दिवसभर राबता. कुणाला विरजण हवं, कुणाला शिडी, कुणाला नुसतंच टेकायला. आतून कडी लावून भागणार नव्हतं, कडी लावली की दार वाजणारच. आबांनी यावर तोड काढली. "भाईरून कुलूप लावू. घरात कुनी न्हाई म्हनल्यावर वाजवील कोन?" मला ते एकदम पटलं. इतकं पटलं की आपण किती हुशार म्हणून दोघं हसलोसुद्धा. आई पालीला मावशीच्या सुनेच्या बाळंतपणात अडकली होती. आबांनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि शेतातल्या मोटरीची लाईट आली म्हणून "चालू करून येतो" सांगून निघून गेले.

त्या दिवसांत गावात चोरांची आवई उठली होती. रात्री तरुण पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची, शिट्ट्या वाजवायची. हे आम्हाला ठाऊक होतं. पण कुलूप लावताना ते ना आबांना आठवलं ना मला.

सुरुवातीला त्या परदेशी माणसानं लॅपटॉप उचलून खोली दाखवायला लावली. त्याचा आवाज स्पीकरवर घुमत होता. छत दाखवा, टेबलाखाली दाखवा. ज्वारीची कणगी बघून तो थबकला, आत काय आहे विचारलं. मी झाकण काढून लॅपटॉप आत वाकवला. जगात कुणी ज्वारीची एवढी कसून तपासणी केली नसेल. मग तो गप्प झाला आणि प्रश्न सुरू झाले.

शेजारच्या काकू विरजणाला आल्या असणार त्या तो खोली तपासत होता तेव्हाच. त्यांना काय दिसलं? दाराला कुलूप. काय ऐकू आलं? आत एक बाप्या माणूस कसल्यातरी अनोळखी भाषेत बोलतोय.

माझे थोडेच प्रश्न झाले होते तेव्हा बाहेर पावलं वाजायला लागली. आधी कुजबूज, मग काकूंचा चिरका आवाज, "आत मान्सं हायती! म्या माज्या कानानं ऐकलं!" मग कुणी पुरुष, "कुलूप हाय तसंच हाय. माळवदावरच्या झरोक्यातून उतरले आसतील." काठी दाराच्या फळीवर आपटली. मी खुर्चीत अशी काही दचकले की स्क्रीनवर लगेच सूचना उमटली, बाहेरचा मोठा आवाज येत आहे, परत आला तर परीक्षा थांबवली जाईल.

मला ओरडायचं होतं. काकू, मी आहे, एवढे तीनच शब्द. पण तेवढे बोलले की सगळं संपलं. नाही बोलले तर दार फोडून काठ्या घेतलेली माणसं आत येणार, आणि तरीही सगळं संपलं. प्रश्न वाचायची, शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला निसटायचा. डोळ्यांतून पाणी आलं, पुसायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. हात तोंडावर गेलेला चालत नव्हता. पाणी हनुवटीवरून खाली पडत राहिलं आणि मी एकेक उत्तर टिपत राहिले, काही जाणून, काही देवावर हवाला ठेवून.

"पहार आना रं," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. धापा टाकत आले होते. "थांबा. आत पोरगी हाय माजी."

"मंग कुलूप कावून?"

"परीक्षा हाय तिची." आबा दबक्या आवाजात बोलत होते, माझ्यासाठीच. "कॉम्प्युटरवरची. हळू बोला जरा."

दोघंतिघं हसले. "घरात कसली परीक्षा रं? परीक्षेला बीडला सेंटर आसतंय. आन बाप्याचा आवाज कुनाचा? खरं काय ते सांग, न्हाईतर किल्ली दे."

मला वाटलं आबा आता किल्ली काढतील. त्यांच्या घराविषयी कुणी वाकडा शब्द बोललेला त्यांना कधीच खपायचा नाही. बाजारात कुणी माझ्या नोकरीवरून हसलं तरी त्यांना रात्र रात्र झोप लागायची नाही. मी दाराकडं कान लावला, नजर स्क्रीनवर.

"कोंडलंय तिला," आबा म्हणाले. "फोनवर बोलत व्हती एकासंगं, त्याचाच आवाज. म्हनून कोंडलंय. झालं समाधान? जा आता."

मग काठी टेकत टेकत कुणीतरी निघालं, त्यामागं बाकीचे. काकूंच्या बांगड्या वाजत दूर गेल्या. लॅपटॉपवर परत सूचना आली नाही.

मी पास झाले. निकाल स्क्रीनवर लगेचच आला, आणि तो मी पुन्हा पुन्हा वाचला. आबांनी कुलूप काढलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी मान हलवली. ते उंबऱ्यावरच बसले.

पुढं पगार वाढला, चांगला वाढला. गेवराईला मुलीची भानगड असल्याचं कळलं आणि ते स्थळ न सांगता गेलं. मी सर्टिफिकेटची प्रत काढून काकूंना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "झालं ते झालं माय. बापाचं ऐकत जा."

पण मला झोप लागत नाही ती या बोलण्यामुळे नाही. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी आबा भाकरी पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. मी म्हटलं, "आबा, जेवा. बोलू द्या लोकांना."

"लोकांचं न्हाई गं," ते म्हणाले. "मला वाटलं, कोंडलंय म्हनलं की कुनीतरी अंगावर यील. दार उघड म्हनंल. काकू तरी भांडंल. मी तयारीत व्हतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "चोर हाय म्हनून दार फोडाया निघाले व्हते. पोरगी कोंडली म्हनल्यावर समदे गुमान घरी गेले."

मी उठले आणि उघडंच असलेलं दार आणखी उघडून आले.